भाजलेल्या बियांचं पाणी

कापूस कोणी घेईना, त्या वर्षांत आमच्याकडे जीपगाड्या भरभरून माणसं आली आणि आम्हाला काय काय शिकवून गेली. कोणी श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. कोणी गांडुळं पाळायला लावली. कोणी गाय दिली आणि ती खाईल काय, हे सांगायचं विसरून गेले. आणि एक बाई आली, ती कॉफी करायला शिकवायला आली. बियांची कॉफी. जिच्यात कॉफी नाही अशी कॉफी. मी म्हटलं, घ्या बाप्पा, आता हेच राहिलं होतं.

मी चहावाला माणूस. चौथी शिकलो, त्यापुढं मास्तरचं आणि माझं जमलं नाही. वणीच्या रोडवर आमच्या गावचा फाटा आहे. तिथं कापूस खरेदी केंद्राच्या, म्हणजे जिनिंगच्या गेटासमोर माझी टपरी. चार बल्ल्या, वर टिनं, मागं बाभूळ. हंगामात कापसाच्या बैलबंड्या गेटापासून पार पुलापर्यंत लागायच्या. आज ग्रेडर आला नाही, आज काटा बंद, आज जागा नाही. माणसं बंडीखालीच झोपायची, बंडीखालीच उठायची. शिव्या देणं आणि चहा पिणं, दोनच कामं. शिव्या त्यांच्या, चहा माझा. रांगेतला एखादा पुढच्या हंगामात दिसायचा नाही. कोणी विचारत नव्हतं, मीही विचारलं नाही.

टपरी माझी म्हणतो, पण अर्धीच माझी. चहा मी करायचो आणि पास करायची बायको. चहाचा पहिला गंज, म्हणजे पातेलं, उतरलं की आधी तिच्या बशीत. गिऱ्हाईक कितीही खोळंबलं असो. ती एक घोट घ्यायची, तोंडात फिरवायची, रोडकडं पाहत राहायची. मग सांगायची.

"आलं मेलेलं हाय."

"दुधात पाणी दूधवाल्यानं टाकलं का तुमी?"

"पत्ती जाळली."

चांगला झाला असं ती जन्मात कधी म्हणाली नाही. बशी गप खाली ठेवली की समजायचं, आता विका. नाही ठेवली तर मी चरफडत पुन्हा आधण ठेवायचो. सकाळी उठल्यावर आम्हा नवराबायकोचं पहिलं बोलणं हेच. दुसऱ्या घरात देवाचं नाव घेतात, आमच्या घरात माझा उद्धार व्हायचा.

मग तिच्या छातीत धडधड सुरू झाली. एकदा हापशीवर घागर भरता भरता खालीच बसली. वणीला नेलं. डॉक्टरनं नळी लावली, कागद काढला, आणि म्हणाला, चहा बंद. कॉफी बी बंद. ते बोलताना त्याच्या टेबलावर त्याचा चहा होता, वर साय धरलेली. तो त्यानं आमच्या समोरच पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या जागी येऊन बसली. मी तिच्या बशीत गरम पाणी ओतलं.

"हे काय?"

"गरम पाणी."

"पाय धुवाचे हाय का माहे?"

 त्या दिवसापासून चहा न चाखता विकू लागलो. गिऱ्हाईक म्हणे, मस्त झाला काका. गिऱ्हाईकाला आंघोळीचं पाणी दिलं तरी ते मस्तच म्हणते. त्याला बसायला बाकडं पाहिजे असते, चव नाही. ती ऐकायची आणि पदराचं टोक पिळत राहायची. मग तिनं टपरीवर येणंच सोडलं.

मी घरी जाऊन विचारलं, "काहून येत नाही वं?"

"येऊन करू काय? लोकाइच्या तोंडाकडं पाहू?"

"मग इथी तरी काय करून राह्यली?"

"इथी भितीकडं पाहून राह्यली."

 तीच पुढं बोलली. "मले माही बशी पाह्यजे. गरम, काळं, कडू, असं काई तरी तिच्यात पाह्यजे. चहा नसंल तं दुसरं करतो. पन एक सांगतो. मी तुमचा चाखला, आता तुमी माहा चाखा. तुमी हो म्हटल्याबिगर मी त्याले तोंड लावणार नाई. आन मन राखाले खोटं बोल्ले, तं पाह्यजा."

"बोल्लो तं काय करशीन?"

"सयपाक तुमाले कराले लावीन. आन तोच खाले लावीन."

बाई हट्टाची. टपरीवर माझ्या भट्टीच्या बाजूला तिनं तीन विटा मांडल्या, खाली कापसाची वाळली पऱ्हाटी पेटवली, वर कढई ठेवली. रिकामी बशी पुसून आपल्या जागी मांडून ठेवली आणि भाजायला बसली.

आधी ज्वारी भाजली. काळी होईस्तोवर भाजली, कुटली, उकळली, मला दिली.

"कसं हाय?"

"तव्याचं धुवण."

"बरं," म्हणाली आणि ओतून दिली.

मग चिंचोके. ते भाजून उखळात कुटले तर अर्ध्या गावाला वाटलं कोणाचं तरी घर पाडून राहिले. उकळले तर खळ झाली. ग्लास उलटा केला तरी पडेना. मी म्हटलं, हे निवडणुकीत पुढाऱ्याचे फोटो चिकटवायला ठेव. मग भेंडीचं बी. ते भाजताना वास असा सुटला की मला वाटलं, जमलं बुवा. एक घोट घेतला. भेंडी काळी केली तरी भेंडीच राहते, एवढं मला त्या दिवशी समजलं.

गिऱ्हाईकांना तमाशा झाला. येताना विचारत, "काय काकू, आज काय जाळून राह्यल्या?"

"तुह्या सासूचं तोंड," ती म्हणायची. कढईवरचा हात थांबायचा नाही.

पोरगा तेव्हा पुण्याला नोकरीला लागला होता. फोनवर आईला म्हणाला, आई, इकडं लोक मुद्दाम हेच पितात, तब्येतीला चांगलं असतं. मी मनात म्हटलं, ज्यांना चहा मिळतो तेच हे लाड करतात.

अशात ती संस्थेची म्याडम आली. गळ्यात खादीचा झोळा, पायात आमच्या चांभाराकडच्या असाव्या अशा चपला, पण तशा नसतात त्या. बायांना देवळात बसवलं आणि सांगितलं, तुमच्या बांधावर सोनं उगवते. ते सोनं म्हणजे तरोटा. तरोटा म्हणजे रोडच्या कडंला माजणारं गवत. पावसाळ्यात कोवळा असला की त्याची भाजी करतो, ती चांगली लागते. पुढं शेंगा धरल्या की बैलसुद्धा तोंड फिरवते. म्याडम म्हणे, त्याच्या बिया भाजून कॉफी होते, बाहेरच्या देशात पितात. पित असतील. बाहेरच्या देशातले लोक आमचा कापूस घेत नव्हते आणि आमचं गवत पिणार होते म्हणे.

पण बायकोनं त्यातलं एकच वाक्य धरून ठेवलं. घरी येऊन म्हणाली, "अजी, चहात जे असते, ज्याच्यानं धडधड होते, ते याच्यात नसते म्हणे. म्याडम बोल्ली."

"म्याडमच्या घरी कोणाले पाजलं का तिनं?"

"तुमी चाखा म्हणजे झालं."

बचत गट झाला. अध्यक्ष बंजारा तांड्यावरची एक बाई होती, दांडगी, हसतमुख. माझ्या बायकोला ती याडी म्हणायची, म्हणजे आई. या दोघी पुढं, बाकीच्या मागं, उन्हातान्हात तरोटा उपटत फिरल्या. बायकोच्या अंगात असं वारं मी लग्नानंतर पाहिलं नव्हतं. बाकीच्यांना विकायचा होता. हिला एक बशी भरायची होती.

आता मळणी. खळं करतो कोण आजकाल? सोयाबीन असो, तूर असो, आमच्याकडं डांबरी रोडवर पसरून देतात. ट्रक वरून जातात, फुकटात मळून होते. ट्रकवाले शिव्या देतात, त्याही फुकट. बायांनी तरोटाही तसाच पसरला, ढीगच्या ढीग. रोड कोणता? वणीचा. त्या रोडनं दिवसभर काय जाते? खाणीतला कोळसा. ताडपत्री असली तर फाटकी, नसली तर नाही. आमच्या टपरीवरच्या पांढऱ्या मांजराचा रंग गिऱ्हाईकांना माहीत नव्हता. बायांनी खराट्यानं बी झाडून गोळा केलं, पाखडलं, खडे वेचले, भाजलं, आणि पिठाच्या गिरणीत नेऊन दळून आणलं. गिरणीवाल्यानं जातं काही धुतलं नाही. त्या दिवशी गावात मागून दळण नेणाऱ्यांच्या भाकरी काळ्या झाल्या. घराघरांत सासवासुनांची जुंपली.

मग ती कॉफी चाखायला जिल्ह्याहून साहेब आला. गेटासमोर मांडव घातला, कप माझ्याच टपरीतून गेले. साहेबानं घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "वा! मातीचा सुगंध आहे." म्याडम सगळ्यांकडं पाहून हसली. टाळ्या झाल्या, फोटो झाला. बाकीचे लोकही मस्त मस्त म्हणू लागले. साहेबाच्या आधी म्हणायची कोणाची छाती नव्हती, मागून सगळ्यांची झाली.

बायको मांडवात थांबली नाही. बशीत थोडी घेऊन टपरीवर आली. दोन्ही हातांत बशी, पाण्याचा थेंब सांडू नये तशी. मी घोट घेतला. ती माझ्या तोंडाकडं पाहत होती.

"काय?"

"कोळसा."

"भाजताना लागलं का?"

"नाई. चुलीतला नाई. वणीचा. दगडी."

तिनं रोडकडं पाहिलं. नेमका एक ट्रक चालला होता, मागून काळा धूर सोडत, वरून भुरभुर सांडत. तिला हसू आलं ते काही थांबेना. पदर तोंडात कोंबून ती बाभळीमागं गेली. अध्यक्षीण पळत आली, "याडी, काय झालं वं? छातीत दुखते का?" ही मान हलवून नाही नाही म्हणे आणि पुन्हा हसे. साहेबाला आम्ही काही सांगितलं नाही. तो आपला सुगंध घेऊन सुखानं गेला. माणूस सुखात असला की आपण कायले मधात पडायचं?

पुढं पाकिटं छापली, यवतमाळच्या प्रदर्शनात नेली, बहुतेक परत आली. म्याडमची जीप एका महिन्यात दोनदा यायची, मग महिन्यानं, मग आलीच नाही. जाताना कुठल्याशा मुळीची भुकटी देऊन गेली, चिकोरी म्हणे. आमच्याकडं मुळी उकळून देतात ती तापाच्या माणसाला, आणि तोही आईमाईवरून शिव्या घालूनच पितो. गट पापडाला लागला. पापड विकले गेले, कारण पापडाला कोणी कॉफी म्हटलं नाही.

बायको मात्र कढई सोडेना. तरोटा आता अंगणात लुगड्यावर बडवायची, बी धुवायची, वाळवायची. त्यात हरभरा घालून पाहिला, ज्वारी थोडी, मुळी चिमटीभर, गूळ कधी आधी, कधी नंतर. रोज सकाळी माझ्या चहाच्या आधी मला ते प्यावं लागायचं. आणि रोज मी खरं सांगायचो. ओल्या पोत्याचं पाणी. मेलेल्या चुलीचं तोंड. म्हशीच्या औषधाची बाटली धुतली. ती "बरं" म्हणायची आणि बशी पुन्हा पुसून ठेवायची. तिची बशी कोरडीच. मला तिची कीव यायची नाही. राग यायचा. ही बाई दुसऱ्या कोणाच्या हो वर भागवून घेत नाही, आणि माझ्या तोंडून हो निघत नाही.

एका थंडीच्या सकाळी तिनं ग्लास दिला. मी घेतला. एक घोट, मग दुसरा. तिसराही घेतला.

"बोला."

"बरं हाय."

"काय म्हटलं?"

"बरं हाय म्हटलं. हो म्हणतो मी."

"खरं?"

"खोटं बोलून मले सयपाक कराचा हाय का?"

तिनं बशी पुन्हा एकदा पदरानं पुसली. भरली. आपल्या जुन्या जागी रोडकडं तोंड करून बसली. बाकड्यावरच्या माणसांनी ग्लास खाली ठेवले, इतके दिवस तीही हे पाहत होती. तिनं घोट घेतला. तोंडात फिरवला. आणि समोर उभ्या मोटरसायकलच्या चाकावर पचकन थुंकला.

"अजी! हे बरं हाय?"

"हो."

"हे?" ती उठूनच उभी राहिली. "जीभ मेली तुमची! रोज राख पेऊन पेऊन राखच गोड लागून राह्यली तुमाले!"

बाकडं हसून हसून हललं. मला संताप आला. मी पुन्हा घोट घेतला. खरं सांगतो, मला काही कळेना. बरं होतं की वाईट, काहीच कळेना.

"आन या जिभेवर तुमी चहा विकून राह्यले," ती म्हणाली. "लोकाइले काय पाजत असान, देव जाने." तिनं पळी घेतली, माझ्या गंजातला चहा आपल्या बशीत ओतला.

"डॉक्टर..." मी म्हटलं.

"डॉक्टरले म्हणा, हे बियाचं पाणी तू पे."

तिनं घोट घेतला. डोळे बारीक केले. "पत्ती शिळी. साखर दुप्पट. दूध बुडाले लागलेलं. ओता."

"गिऱ्हाईक बसून हाय वं."

"बसून राहू द्या. ओता."

अख्खा गंज मी बाभळीखाली ओतला. गिऱ्हाईकं मस्त म्हणून ज्याचे ग्लास चाटत होती तोच चहा. नवीन आधण ठेवलं. तिनं चाखला, बशी गप खाली ठेवली. मी विकायला लागलो. तिची कढई त्या दिवसापासून पापड तळायला गेली.

पुढच्या खेपेला डॉक्टरला तिनं तोंडावर सांगितलं, मी सकाळी एक बशी पेतो. तो म्हणाला, तेवढा चालते. ती म्हणाली, "मग तवा काहून नाई सांगितलं?" तो पुढच्या पेशंटकडं पाहायला लागला. गावचा तरोटा उपटून झाला, घराघरांतल्या भाकरी काळ्या झाल्या, साहेबाचा फोटो निघाला, माझी जीभ गेली, आणि तेवढा चालते म्हणे.

त्यानंतर ती पुष्कळ जगली. बशी एकच, पण रोज. खरेदी केंद्र तिथून उठलं, बंड्या गेल्या, ट्रक राहिले. गेल्या हिवाळ्यात दुपारी अंगणात तूर निवडत बसली होती. मी घरात शिरलो आणि बाहेर आलो, तेवढ्यात गेली. सूप मांडीवरच होतं, सरळ. एक दाणा सांडला नव्हता. छातीनंच गेली.

पोरगा आला. तेरवी होईस्तोवर चांगलं सांभाळलं त्यानं सगळं. तेरवी झाल्यावर माझ्याबरोबर टपरीवर येऊन बसला. बराच वेळ मोबाईल उलटा सुलटा करत होता.

"बाबा, आई चहा प्यायची का?"

"पेत होती."

"रोज?"

"रोज."

"डॉक्टर नाही म्हणाले होते ना?"

"म्हटलं होतं. मग हो म्हटलं."

 शिकलेली माणसं गप बसून माणसाला जाब विचारतात, तसा तो माझ्याकडं पाहत राहिला. मी काही त्याला समजावलं नाही. तिनं काय प्यावं हे मी ठरवत नव्हतो, तूही नव्हता, एवढं म्हणणार होतो, पण त्याचं तोंड पाहून तेही म्हटलं नाही.

मग त्यानं पिशवीतून पाकीट काढलं. गुळगुळीत, वर हिरवं पान छापलेलं. जव, चिकोरी आणि आणखी कशाकशाच्या बिया. शहरात तो हेच घेतो म्हणे, सकाळ संध्याकाळ. माझ्या भट्टीवर त्यानं पाणी ठेवलं, चमच्यानं भुकटी मोजून टाकली, दूध घातलं, माझ्याच ग्लासात ओतलं आणि माझ्यासमोर धरलं.

"तुम्ही तरी आता हे प्या, बाबा."

दोन्ही हातांनी ग्लास धरला होता. लहानपणी शाळेतून मार खाऊन आला की दप्तर धरायचा, तसा.

मी घोट घेतला. तो पाहत होता. हो म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. एक माणूस गेला, दुसरा तरी आपण राखून राहिलो, असं वाटून पुण्याला गेला असता.

"घाण हाय," मी म्हटलं.

त्याचे डोळे भरून आले. तेरा दिवसांत पहिल्यांदाच. तो रोडकडं तोंड करून रडला, मी त्याला रडू दिलं. तोवर तो ग्लास मी पीत राहिलो. कडू, बुडाशी गाळ, वास जळलेल्या गोणपाटाचा. बुडापर्यंत प्यायलो आणि ग्लास खाली ठेवला.

त्यानं नाक पुसलं, रिकाम्या ग्लासाकडं पाहिलं. "घाण होता तर प्यायलात कशाला?"

"तू केला म्हणून," मी म्हटलं. "पुन्हा करू नको."